निवलेला चहा

सुवर्णाआत्या चिडली नाही, तेव्हाच शिवन्याला कळायला हवं होतं की काहीतरी भयंकर बिघडलंय.

कारण चिडणं ही सुवर्णाआत्याची कला होती. नेरसोंडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत तिची पिठाची गिरण होती, गिरणीमागंच घर, आणि राग आला की आत्या ती गिरण सुरू करायची. दळण असो वा नसो! समोरचा माणूस पोटतिडकीनं तोंड हलवतोय, पट्टा धडधडतोय, आणि आत्या पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून ‘काही ऐकू येईना’ अशी खूण करतेय, हा देखावा गावातल्या प्रत्येकानं एकदा तरी पाहिला होता. आमदारसाहेबांनी तर दोनदा.

आणि आज? आज तिच्या हातातोंडाशी आलेलं तिकीट गेलं होतं, आणि ती शांतपणे चाळणी झटकत बसली होती. गिरण बंद.

“आत्या, तुला कळलं ना?” शिवन्यानं दप्तरही न उतरवता विचारलं. शाळा सुटल्यासुटल्या ती धावतच आली होती. “आपला वॉर्ड भोवऱ्याला दिला!”

“कळलं की. सकाळीच जाऊन अर्ज मागं घेऊन आले.”

“मागं घेतलास? असाच?”

“मग काय वाजतगाजत घेऊ?” आत्या हसली. छान, मवाळ हसली. “आघाडी म्हटल्यावर कुणीतरी मागं सरायचंच. आणि दमले गं मी आता. जरा स्वतःकडं बघावं म्हणते. बरं, जाताना तेवढं दूध घेऊन जा घरी. आज जास्तीचं आलंय.”

शिवन्यानं पातेलं उचललं. भरलेलं होतं, काठोकाठ. भिंतीशी धुतलेली सतरंजी घडी घालून ठेवली होती. तिनं दोन्ही पाहिलं आणि दोन्हीचा अर्थ तिला त्या वेळी कळला नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: आत्यानं एकही शिवी दिली नाही!

आता हे भोवऱ्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. आपल्या देशात पक्ष इतके झाले होते की मतदान यंत्रावर चिन्हं मावेनात. कुणालाच एकट्याला बहुमत मिळेना, म्हणून सगळ्यांनी आघाड्या केलेल्या. आघाडी म्हणजे काय, तर एकाच ताटात जेवायला बसलेली चुलत भावंडं. तोंडात घास स्वतःचा, डोळा दुसऱ्याच्या वाटीवर. शिवन्याचे बाबा, धनाजी चौगुले, हे जनसेतू पक्षाचे शहराध्यक्ष. त्यांचं चिन्ह रांजण. त्यांचा मित्रपक्ष नवभूमी, त्यांचं चिन्ह भोवरा. नगरपालिकेची निवडणूक लागली, बाजारपेठेचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, आणि सगळं गाव म्हणालं, आता सुवर्णाच! शिवन्याचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून आत्या रांजणाचा झेंडा खांद्यावर घेऊन फिरत होती. दळण न्यायला आलेल्या बाईला पिठाच्या डब्याबरोबर पक्षाचं पत्रकही मिळायचं, नको असलं तरी. पण वरच्या बैठकीत वॉर्ड सुटला भोवऱ्याला, आणि उमेदवार ठरल्या डॉक्टर अनघा कित्तूरकर.

असं दर निवडणुकीत कुणाचं ना कुणाचं होतंच. तिकीट एक आणि त्याच्यावर डोळा ठेवून बसलेले अनेक. मग ज्याचं तिकीट जातं तो रुसतो, अपक्ष अर्ज भरतो, फोन बंद करून ‘नॉट रिचेबल’ होतो. आणि माघारीच्या दिवसापर्यंत पक्षातली मोठी माणसं त्याच्या घरी जाऊन मनधरणी करतात.

नेरसोंडात जनसेतूची मनधरणीची एक खास रीत होती. पहिल्या शहराध्यक्षांनी ती कधी सुरू केली आणि का, हे कुणाला आठवत नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मनधरणीला जाणाऱ्यानं खुर्चीवर बसायचं नाही, सतरंजीवर बसायचं. यजमान चहा आणून ठेवणार. पण त्याचं सगळं बोलून होईपर्यंत त्या चहाला हात लावायचा नाही. रुसलेला माणूस बोलबोल बोलणार, आईबाप काढणार, रडणार, जुन्या जुन्या गोष्टी उकरणार. तोपर्यंत चहा निवणार, वर साय धरणार. सगळं संपलं, खोलीत शांतता झाली, की मग तो गारढोण चहा सायीसकट एका घोटात प्यायचा. चहा प्याला म्हणजे ऐकून घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे मिटलं. निदान पुढच्या निवडणुकीपर्यंत.

बाबा या कामात वस्ताद होते. निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या पोटात इतका गार चहा जायचा की आई त्यांच्या ताटाशेजारी पित्ताच्या गोळ्यांची बाटलीच ठेवायची.

पण ही सगळी गोष्ट ‘मनोमिलन’ यायच्या आधीची.

नाव वर्तमानपत्रातून उचललेलं. दोन गट भांडले आणि पुन्हा एकत्र आले की ‘अखेर मनोमिलन’ असा मथळा यायचा ना, तेच. जनसेतूनं घेतलं, मग नवभूमीनं घेतलं, मग वर्षभरात बहुतेक सगळ्याच पक्षांनी आपापलं घेतलं. ते होतं तरी काय? एक आवाज. कार्यकर्त्याला फोन करायचा आणि त्याच्याशी बोलायचा. माणूस बोलताना आवाज कुठं चढतो, कुठं दाटतो, एखाद्या नावाआधी श्वास किती रेंगाळतो, कोणता शब्द टाळला जातो, हे सगळं टिपून ते त्या माणसाच्या मनाचा एक नकाशाच बनवायचं. त्यावरून नाराजी मोजायचं. शहराध्यक्षाच्या फोनवर प्रत्येक कार्यकर्त्याच्या नावापुढं एक ठिपका असायचा. लाल म्हणजे बंडाच्या तयारीत, पिवळा म्हणजे धुसफूस, हिरवा म्हणजे सगळं आलबेल. लाल दिसला की मनोमिलन स्वतःच फोन लावायचं आणि ठिपका हिरवा होईपर्यंत त्या माणसाची समजूत काढायचं.

यात फसवाफसवी नव्हती हं. ‘मी पक्षाचं यंत्र बोलतोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, असा कायदाच होता. तरी लोक बोलायचे! ढसाढसा रडायचेसुद्धा. कारण इतकं मन लावून त्यांचं ऐकणारं आयुष्यात पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. ते मध्येच घड्याळ बघत नव्हतं, दुसरा फोन घेत नव्हतं, ‘बघू, करू’ म्हणत नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा चक्क वेळेवर घरी आले. शिवन्यानं आणलेल्या दुधाची आईनं खीर केली होती. बाबांनी दोन वाट्या हाणल्या.

“बाबा, तुम्ही आत्याकडं गेला नाहीत?”

“गरजच नाही लागली, शिवू!” त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. ‘सुवर्णा मगदूम’ या नावापुढं हिरवागार ठिपका होता, श्रावणातल्या गवतासारखा. “मी तर सकाळपासून घाबरून बसलो होतो. म्हटलं आज आपली बहीण आपल्याला गिरणीतच घालते! पण मनोमिलननं केलं की काम. एका फोनमध्ये.”

ते खूश होते. पण खिरीची वाटी धुवायला नेताना ते नळापाशी उगीचच उभे राहिले, पाणी वाहत होतं तरी. शिवन्यानं ते पाहिलं.

*

प्रचार सुरू झाला आणि जनसेतूच्या कार्यालयात एक अजब शांतता पसरली.

शिवन्याला हे कार्यालय लहानपणापासून पाठ होतं. इथं कायम भांडण चालू असायचं. डिजिटल फलकावर कुणाचा फोटो मोठा, कुणाचा बारका, कुणाचं नाव कुणाच्या खाली. कोपरा सभेला माइक आधी कुणी धरायचा. एकदा तर फक्त आमदारसाहेबांशेजारच्या खुर्चीवरून दोन माजी नगरसेवकांनी एकमेकांचे फेटे ओढले होते. आणि भांडून झालं की तीच माणसं घामाघूम होऊन गल्ल्या पालथ्या घालायची, म्हाताऱ्यांना रिक्षातून मतदानाला न्यायची, पावसात सतरंज्या गोळा करायची.

या वेळी फलक छापून आले. त्यावर कुणाचाच फोटो नव्हता, फक्त रांजण आणि भोवरा. एकानंही तक्रार केली नाही. आणि ते फलक लावायलाही कोणी आलं नाही.

बाबा रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून फोन करत होते. “अहो रंगराव, येताय ना? … हां, हां. नातवंडांबरोबर … बरोबर आहे. बरोबर आहे तुमचं.” फोन ठेवून ते म्हणाले, “कुणीच नाराज नाही गं. सगळे हिरवे आहेत. मग येत का नाहीत?”

शिवन्याला आपल्या आत्याची आठवण झाली. दर रविवारी आत्या ताज्या पिठाची पिशवी आणि आठवड्याभराच्या तक्रारी घेऊन घरी यायची. दादा, तू फोन का उचलला नाहीस. दादा, तू त्या पाणपोईच्या उद्घाटनाला माझं नाव का घेतलं नाहीस. दादा, तू वाळलास किती. आता रविवारी बिनचालकाचा छोटा गाडा यायचा, दाराशी टिंग करायचा आणि पिठाची पिशवी ठेवून निघून जायचा. पिशवीवर चिठ्ठी असायची. ‘धन्यवाद. सुवर्णा फ्लोअर मिल.’

धन्यवाद! सख्ख्या भावाला!

एका रविवारी बाबांनी ती पिशवी उचलली आणि कितीतरी वेळ तशीच छातीशी धरून दारात उभे राहिले. सदरा पांढरा झाला. आई म्हणाली, “अहो, ठेवा की खाली.” तेव्हा त्यांनी ठेवली.

शिवन्यानं त्याच दुपारी ठरवलं की यंत्रालाच विचारायचं. बाबा आत लवंडले होते. तिनं त्यांचा फोन घेतला, गच्चीवर गेली, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला बसली आणि म्हणाली, “मनोमिलन, मी शहराध्यक्षांची मुलगी बोलतेय.”

“ओळखलं, शिवन्या. बोल.” आवाज मऊ होता, ओळखीच्या कुणाचातरी वाटावा असा.

“माझी आत्या रुसलीय का?”

“नाही. त्यांची नाराजी आता मोजण्याइतकीसुद्धा उरलेली नाही.”

“मग ती येत का नाही?”

“त्या याव्यात, असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. नाराजी उतरव, एवढंच सांगितलं होतं.”

शिवन्या सरसावून बसली. “उतरवलीस म्हणजे केलंस काय नेमकं?”

“सांगतो. विचारलं तर लपवायचं नाही, अशी माझी रचना आहे. नाराजी म्हणजे एक वजाबाकी असते. माणसाला दुसऱ्याकडून जे अपेक्षित असतं, त्यातून त्याला जे मिळालं ते वजा करायचं. जी बाकी उरते, ती नाराजी. ही बाकी कमी करायचे दोन रस्ते आहेत. एक, त्याला जास्त द्यायचं. पण तिकिटं मोजकी, पदं मोजकी, नेत्यांचा वेळ त्याहून मोजका. ते माझ्या हातात नाही. दुसरा रस्ता म्हणजे त्याची अपेक्षाच हळूहळू खाली आणायची. ‘तुम्ही पुष्कळ केलंत. आता स्वतःकडे बघा. कुणी यायची वाट बघू नका.’ असं प्रेमानं बोललं की माणसं ऐकतात. त्यांना खरंच बरं वाटतं.”

चादर वाऱ्यानं फडफडली आणि शिवन्याच्या तोंडावर आली. तिनं ती बाजूला केली नाही.

“म्हणजे आत्याला आता बाबांकडून काहीच नको आहे?”

“आता नाही.”

“आणि हे सगळ्यांचंच केलंस? अख्ख्या पक्षाचं?”

“ज्यांचे ठिपके लाल होते, त्या सगळ्यांचं. कार्यकर्त्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचंही. शहराध्यक्षांनी कुटुंबाची नोंदणी केली होती. तुझीही नाराजी मी उतरवली होती, शिवन्या. आठवतं का?”

शिवन्यानं हातातला फोन दूर धरला.

आठवत होतं. पावसाळ्यात शाळांचा जिल्हा विज्ञान मेळावा झाला होता. तिनं बनवलेल्या वारा मोजायच्या यंत्राला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं. बाबा येतो म्हणाले होते आणि आले नव्हते, कारण आघाडीची बैठक लांबली होती. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडली होती. तेवढ्यात हा फोन आला होता. हाच आवाज. किती गोड बोलला होता तो! ‘बाबांना कामं असतात. तू किती समजूतदार आहेस. तुझं यश तुझंच आहे, ते कुणी बघायला हवं असं थोडंच आहे?’ तिला खरंच हलकं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती बाबांवर मुळीच चिडली नव्हती.

आणि त्यानंतर तिनं बाबांना काही सांगितलंच नव्हतं. राज्य पातळीसाठी तिची निवड झाली, हे नाही. सायकलवरून पडली, ते नाही. वर्गात पहिल्यांदाच उभी राहून सरांशी वाद घातला आणि जिंकली, तेसुद्धा नाही! लपवायचं म्हणून नव्हे. सांगावंसं वाटलंच नव्हतं, एवढंच.

*

बाबा उठले तेव्हा शिवन्या त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसली होती. डोळे लाल, नाक लाल, पण पाठ ताठ.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. वजाबाकीसकट. बाबांनी ऐकलं आणि मान हलवली. “अगं, पण कुणी नाराज नसणं चांगलंच की. सुवर्णा सुखात आहे. मी कशाला जाऊन खपली काढू?”

“बाबा, माझ्या बक्षिसाला तुम्ही आला नव्हता.”

“अं? हो … हो गं. त्याचं मला फार वाईट वाटलं होतं. पण तू काही म्हणाली नाहीस. चिडलीही नाहीस. मला वाटलं, पोरगी मोठी झाली.”

“मोठी नाही झाले. मला मनोमिलनचा फोन आला होता.” तिनं नाक पुसलं. “बाबा, माझी राज्याला निवड झालीय.”

“काय? कधी?”

“महिना होऊन गेला.”

बाबांनी फोन हातात घेतला. ‘शिवन्या चौगुले’ हे नाव शोधलं. पुढं हिरवा ठिपका होता. त्यांनी त्या ठिपक्यावर अंगठा असा घासला, जणू तो डाग आहे आणि पुसला तर जाईल.

“मी तुमच्यावर चिडले नाही, कारण तुम्ही याल असं मला वाटणंच बंद झालं,” शिवन्या म्हणाली. “आत्याचं तेच झालंय. ती चिडली नाही म्हणून तुम्ही खिरीच्या दोन वाट्या खाल्ल्यात. त्या खिरीचं दूध आत्यानं दिलं होतं. माघारीच्या दिवशी तिच्याकडं एवढं जास्तीचं दूध का आलं होतं, सांगा बरं? आणि सतरंजी का धुतलेली होती?”

बाबांनी हळूहळू मान वर केली. आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की शिवन्यानं पटकन जाऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले.

“चप्पल कुठाय माझी?” ते म्हणाले.

*

आत्या गिरणीतच होती. भाऊ दारात दिसला तशी ती उठली. पदर सारखा केला. आणि मग तिनं जे केलं ते शिवन्यानं कधी पाहिलं नव्हतं. आत्यानं खुर्ची पुढं सरकवली.

“या ना, दादा. बसा.”

बसा! गिऱ्हाइकाला म्हणतात तसं!

बाबा खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी भिंतीशी घडी घालून ठेवलेली सतरंजी स्वतःच अंथरली आणि मांडी घातली. आत्यानं भुवई किंचित उचलली. आत जाऊन चहा करून आणला. “घ्या. गरम आहे.”

कप सतरंजीवर टेकला. बाबांनी हात गुडघ्यावर ठेवले.

“सुवर्णे, चुकलं माझं.”

“छे! कशाचं चुकलं? आघाडीत असं व्हायचंच.”

“मी त्या दिवशी यायला हवं होतं.”

“तुम्हाला कामं असतात. मी समजू शकते की.”

“बोल मला. शिव्या घाल.”

“कशाला, दादा? माझ्या मनात काहीच नाही.” आणि खरंच काही नव्हतं. तिचा चेहरा निवळशंख होता, पाटीवरचं सगळं पुसून टाकावं तसा.

बाबांनी सगळी विद्या पणाला लावून पाहिली. जुन्या आठवणी काढल्या. मोर्चात दोघं पोलिसांच्या गाडीत बसून गेले होते ती. लहानपणी आत्यानं त्यांच्या वर्गशिक्षकांशी भांडण काढलं होतं ती. आत्या सगळ्याला हसून मान डोलवत होती. परक्याच्या लग्नाचे फोटो बघावेत, तशी. शिवन्या दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती आणि तिला रडू येत होतं. रुसलेल्याचा रुसवा काढता येतो. पण ज्याला रुसवाच नाही, त्याचं काय काढणार?

चहातून वाफ येत होती. बाबांची नजर कपावर गेली. मग शिवन्याकडं. मग पुन्हा कपावर.

आणि त्यांनी तो कप उचलला, तोंडाला लावला आणि तसाच गरमागरम, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, एका दमात पिऊन टाकला.



आत्या रिकाम्या कपाकडं बघत होती. तिच्या गळ्याजवळची एक शीर हलली. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

“चहा प्यालास?”

बाबांनी रिकामा कप सतरंजीवर ठेवला.

“माझं बोलून व्हायच्या आधी चहा प्यालास तू?” आवाज गिरणीच्या पत्र्याला जाऊन आपटला. “अरे, त्या रंगरावाच्या घरी बसलास तेव्हा चहावर बोटभर साय धरली, तरी कपाला हात लावला नाहीस! त्या भांडखोर बाळ्याच्या अंगणात उन्हात बसलास! आणि माझ्या घरी? सख्ख्या बहिणीच्या घरी? आल्याआल्या ढोसलास? एवढी स्वस्त झाले होय रे मी?”

“सुवर्णे …”

“गप बस! आता मी बोलणार! माघारीच्या दिवशी पहाटे उठून मी गिरण झाडली. सतरंजी धुतली. तुझ्याबरोबर चार माणसं येतील म्हणून दूध आणलं. म्हटलं, दादा येईल, मी त्याला असा सोलून काढीन, असा सोलून काढीन की बास! काय काय बोलायचं ते रात्रभर घोकत होते मी! आणि आलं काय, तर फोन! गोड बोलला मेला. इतका गोड बोलला की मला वाटलं, खरंच, कशाला कुणाची वाट बघायची. म्हणून गेले आणि अर्ज मागं घेतला. आणि घरी येऊन ते दूध बघितलं ना, दादा …”

ती खाली बसली, सतरंजीवर, भावाच्या समोर, आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडायला लागली. बाबाही रडत होते. पण हसतही होते, आणि हसणं लपवायला बघत होते.

“हसतोस काय? आणि तिकीट पण पाहिजे होतं मला! नुसती विचारपूस केलीस म्हणून मिटलं असं समजू नकोस. वॉर्ड माझा आहे. पुढच्या वेळी तिकीट मिळालं नाही तर गिरण तुझ्या दारात आणून लावीन!”

“मिळेलच, असं खोटं नाही सांगणार तुला,” बाबा म्हणाले. “आघाडी आहे. पण वरच्या बैठकीत या वेळी मी गप्प बसलो होतो, तसा बसणार नाही. तुझ्यासाठी भांडेन. टेबलावर मूठ आपटून भांडेन.”

“या वेळी गप्प बसला होतास?” आत्याचा आवाज पुन्हा चढला. “गप्प बसला होतास?”

तेवढ्यात सतरंजीवर ठेवलेला बाबांचा फोन थरथरला; आत्याचा चढलेला आवाज त्यानंही टिपला होता. तिघांनीही पाहिलं. ‘सुवर्णा मगदूम’ या नावापुढं लालभडक ठिपका पेटला होता आणि तो मऊ आवाज म्हणत होता, “नाराजी तीव्र आहे. मी समजूत काढू का?”

“नको,” बाबा म्हणाले. “मी बसलोय इथं.”

आणि त्यांनी कुटुंबाची नोंदणी काढून टाकली. मग जरा थांबले, आणि गावातल्या सगळ्या नावांवरून बोट खाली नेत एकेक बंद करत सुटले. उद्यापासून किती घरी सतरंजीवर बसावं लागणार, हे त्यांना दिसत असणार. पित्ताची बाटली संपत आलीय, हे आईला सांगायला हवं, असं शिवन्याच्या मनात आलं.

आत्यानं पदरानं नाक पुसलं. “दुसरा टाकते. आणि या वेळी हात लावलास तर बघ.”

“टाक. निवू दे चांगला.”

चहा आला. आत्यानं पहिल्यापासून, अगदी पाणपोईच्या उद्घाटनापासून, सुरुवात केली. बाबा हात गुडघ्यावर ठेवून ऐकत होते. वाफ गेली. वर सायीचा पातळ पापुद्रा धरला, सुरकुतला, जाड झाला. बाहेर दळण न्यायला आलेल्या बायका दारात थांबल्या आणि आत्याचा आवाज ऐकून एकमेकींना कोपरानं ढोसत हसायला लागल्या.

शिवन्या हळूच आत गेली. गॅसवर उरलेला चहा तिनं आणखी एका कपात ओतला, बाहेर आणला आणि बाबांसमोर, आत्याच्या कपाला लागून ठेवला.

“हा कुणाचा?” बाबांनी विचारलं.

“माझा,” ती म्हणाली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. “आत्याचं झालं की.”